श्री ठाणेदार: अमेरिकी काँग्रेसमधल्या बेळगावकराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. कोल्हापूरची मावशी, बेळगावात वाढलेली वहिनी, पुण्यातला शाळासोबती, सगळ्यांचा सूर एकच: "तुमच्याकडचे ते ठाणेदार, त्यांचं काय चाललंय?" मी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहते, म्हणून मला सगळं ठाऊक असणार असं सगळ्यांनी धरलंय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो. त्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

आधीच सांगते, माझं घर त्यांच्या मतदारसंघात येत नाही. मतपत्रिकेवर त्यांचं नाव मी एकदाच पाहिलंय, २०१८ साली. ती गोष्ट पुढे येईल.

"श्री" हे नाव आहे की "श्रीयुत"मधला श्री?

नाव आहे. म्हणून "श्री. ठाणेदार" असं टिंब देऊन लिहिलं तर ते चूक. तसं लिहिलं की नावच उडतं आणि मागे नुसते "ठाणेदार साहेब" उरतात. मराठी बातम्यांत ही चूक सर्रास दिसते. कुणाला आदराने लिहायचंच असेल, तर "श्री. श्री ठाणेदार" लिहावं लागेल. मग ते कुठल्या तरी महाराजांचं नाव वाटतं, त्याला इलाज नाही.

अमेरिकनांची अडचण वेगळी. त्यांची जीभ "ठाणेदार"वर अडखळते. २०१८ मध्ये ते गव्हर्नरपदासाठी उभे होते, तेव्हा सुपर बोलच्या (अमेरिकी फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्याच्या) दिवशी दाखवलेल्या त्यांच्या जाहिरातीत याच अडखळण्याची गंमत केली होती. नाव कळत नाही हा उमेदवाराचा तोटा, त्याचाच त्यांनी फायदा करून घेतला. हुशारी होती, मानायला हवं.

मूळचे कुठले?

जन्म १९५५ चा, चिकोडीचा. वाढले बेळगावात. घरची परिस्थिती बेताची. वडील निवृत्त झाले तेव्हा हे शाळकरी वयात होते, घरात खाणारी तोंडं बरीच, त्यामुळे शिकता शिकता मिळेल ती कामं केली. रसायनशास्त्रातली पदवी कर्नाटक विद्यापीठाची, एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची (१९७७), मग काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्रात. १९७९ मध्ये अमेरिकेत आले, ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठातून १९८२ मध्ये पॉलिमर रसायनात पीएच.डी. केली. अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव. रबर आणि पॉलिमर शिकायचं तर तिथेच, इतका त्या गावाचा दबदबा होता.

महाराष्ट्रात अनेकांना ते राजकारणी म्हणून नव्हे, तर "ही ‘श्री’ची इच्छा" या मराठी आत्मचरित्रामुळे आधी माहीत झाले. माझ्या मावशीच्या कपाटात ते पुस्तक आहे. तिच्या लेखी त्यांची ओळख गरिबीतून वर आलेला उद्योजक, एवढ्यावरच थांबली आहे, आणि फोनवर आमची गाडी रुळावरून घसरते ती तिथेच. पुस्तकातल्या ठाणेदारांनंतर बरंच काही घडलंय.

ते नक्की कोण आहेत? आपल्याकडच्या खासदारासारखे?

साधारण तसंच. अमेरिकी काँग्रेसला दोन सभागृहं. खालचं प्रतिनिधिगृह, ४३५ सदस्य, मुदत फक्त दोन वर्षं. वरचं सिनेट, १०० सदस्य, मुदत सहा वर्षं. ठाणेदार खालच्या सभागृहात आहेत, डेमोक्रॅटिक पक्षाचे, डेट्रॉइट ज्यात येतं त्या मिशिगन राज्याच्या १३ व्या मतदारसंघाचे. पहिली शपथ जानेवारी २०२३ मध्ये.

दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. म्हणजे निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीची तयारी. त्यांच्या अनेक चालींचं कोडं या एका गोष्टीने सुटतं.

एवढा पैसा आला कुठून?

प्रयोगशाळांमधून. सेंट लुईसला नोकरी करत असताना त्यांनी एमबीए केलं, आणि १९९१ मध्ये केमिर नावाची छोटी प्रयोगशाळा ७५,००० डॉलर उभे करून विकत घेतली. काम असं की एखाद्या कंपनीचं औषध, प्लॅस्टिक किंवा रंग बिघडला, की तो का बिघडला हे शोधून द्यायचं. मूठभर माणसांची जागा वाढत वाढत दीडशेवर माणसांची झाली. पुस्तकातला सुखाचा भाग साधारण इथपर्यंतचा.

मग कर्ज काढून इतर कंपन्या घेतल्या, २००८ ची मंदी आली, आणि २०१० मध्ये बँकेने सगळं ताब्यात घेऊन विकलं. ते कफल्लकच झाले म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी त्यांनी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला अ‍ॅव्होमीन नावाची नवी प्रयोगशाळा काढली. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. २०१६ मध्ये तिच्यातला मोठा हिस्सा विकला, आणि निवडणुकांचा पैसा मुख्यतः त्यातला. विकत घेणाऱ्यांनी नंतर फसवणुकीचा दावा लावला, ठाणेदारांनी आरोप फेटाळले, आणि प्रकरण समझोत्यावर मिटलं.

कुत्र्यांचं काय प्रकरण आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी आलं होतं.

हे खरं आहे, पण अर्धं सांगितलं जातं. त्यांच्या कंपनीच्या मालकीची न्यू जर्सीत अ‍ॅनिक्लिन नावाची प्रयोगशाळा होती. तिथे प्राण्यांवर औषधांच्या चाचण्या होत. २०१० मध्ये धंदा बुडाला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि शंभराहून जास्त बीगल कुत्रे आणि कितीतरी माकडं आत राहिली. शेवटी प्राणिमित्र संस्थांनी त्यांना बाहेर काढून घरं शोधून दिली.

ठाणेदारांचं म्हणणं, जागेचा ताबा तोवर बँकेकडे गेला होता, त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. विरोधकांचं म्हणणं, मालक तुम्हीच होता. मी कुणाची बाजू घेत नाही, पण एक सांगते: बीगल हा अमेरिकेत घरोघरी पाळला जाणारा कुत्रा. लांब कानांचा, ओल्या डोळ्यांचा. दिवाळखोरीच्या कागदपत्रांचं एकही पान लोकांनी वाचलं नसतं, पण पिंजऱ्यातल्या बीगलचा एक फोटो जाहिरातीत दाखवला की सगळ्यांना सगळं कळतं. त्यांच्या निवडणुकांत विरोधकांनी हा विषय काढला.

गव्हर्नरच्या निवडणुकीत काय झालं?

२०१८. राजकारणातला पहिलाच डाव, आणि तो थेट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारख्या, लोकांनी निवडलेल्या राज्यप्रमुखाच्या पदासाठी. स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले. रात्री जेवताना टीव्ही लावला की ठाणेदार, बातम्या लावल्या की ठाणेदार. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजींनी एकदा अंगणात गाठून मला विचारलं, "हे तुमचे नातेवाईक का?"

त्या ऑगस्टच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या मतदानाची, मतपत्रिका मला चांगली आठवते. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी करावी लागत नाही. प्रायमरीच्या एकाच लांबलचक कागदावर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि त्यातला एकच भरायचा. एकाहून जास्त रकान्यांत ठिपके रंगवले तर पक्षांची मतं बाद. मी जेवणाच्या टेबलावर काळं पेन घेऊन बसले होते, आणि डेमोक्रॅटिक रकान्यात ग्रेचेन व्हिटमर, अब्दुल एल-सय्यद आणि श्री ठाणेदार अशी तीन नावं. इंग्रजी अक्षरांत का होईना, सरकारी मतपत्रिकेवर "ठाणेदार" वाचताना पोटात काहीतरी हललं. मत कुणाला दिलं ते विचारू नका, मावशीलाही सांगितलेलं नाही.

निकाल: व्हिटमर सुमारे ५२ टक्के, एल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार १८ टक्क्यांच्या आसपास. तिसरे. मात्र डेट्रॉइट शहरात त्यांना बरी मतं पडली होती, आणि ही गोष्ट त्यांनी बरोबर हेरली.

मग ते अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला का गेले?

थोडक्यात उत्तर: जिथे मतं मिळाली तिथे घर केलं. राज्यघटनेप्रमाणे प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराचं वय २५ हवं, नागरिकत्व मिळून ७ वर्षं झालेली हवीत आणि निवडणुकीच्या वेळी तो त्या राज्यात राहणारा हवा. मतदारसंघात राहण्याची अट नाही. पण लोकांच्या मनातली अट वेगळी असते.

२०२० मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत गेले. त्या प्रायमरीत स्वतःचे चार लाखांहून जास्त डॉलर घातले. मिशिगनच्या आमदाराचा वर्षाचा पगार ७१,६८५ डॉलर. हिशोब तुम्हीच करा.

२०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा १४ वरून १३ झाल्या, नकाशे नव्याने आखले गेले आणि २०२२ साठी १३ वा मतदारसंघ मोकळा झाला. डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमक, श्रीमंतांची ग्रोस पॉइंट गावं, नदीकाठची कामगारवस्ती, सगळं एका पोत्यात. डेट्रॉइटच्या तेव्हाच्या दोन खासदारांपैकी ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली होती, रशिदा तलेब शेजारच्या १२ व्यात गेल्या होत्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बातम्यांत हे येत नाही. डेट्रॉइटमध्ये चारातले तीन लोक कृष्णवर्णीय. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्स काँग्रेसमध्ये गेले, त्यानंतर जॉन कॉनियर्स पन्नासहून जास्त वर्षं होते. एवढा काळ या शहरातून कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनला जात राहिला. २०२२ मध्ये तिथल्या काळ्या नेत्यांना भीती होती की उमेदवार जास्त झाले तर मतं फुटतील. म्हणून त्यांच्यातल्या एका गटाने बैठका घेऊन राज्याच्या सिनेटमधले (वॉशिंग्टनच्या नव्हे) सदस्य अ‍ॅडम हॉलियर यांच्यामागे एकजूट करायचा प्रयत्न केला. तेव्हाचे महापौर माइक डगन यांचाही पाठिंबा हॉलियरनाच.

मतं फुटायची ती फुटलीच. नऊ उमेदवार. ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले, हॉलियर साडेतेवीसच्या आसपास. बहात्तर टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं, पण नियम असा की सगळ्यात पुढे तो जिंकला. जानेवारी २०२३ पासून, सुमारे ६८ वर्षांत प्रथमच, डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही.

आपल्याकडे त्या दिवशी पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या. इथे माझ्या ऑफिसात डेट्रॉइटची एक सहकारी दिवसभर गप्प होती. ती म्हणाली, माणूस वाईट नाही, पण ही जागा आमची होती. मला त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. बेळगावबद्दल आपण काय काय बोलतो ते आठवलं, आणि मी चहा करायला गेले.

म्हणजे भारतीयांच्या मतांवर निवडून आले नाहीत?

नाही. मिशिगनमधले भारतीय बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन अशा उपनगरांत राहतात, आणि ती गावं त्यांच्या मतदारसंघात नाहीत. देणग्या भारतीयांकडून आल्या असतील, मतं नव्हे. त्यांच्या मतदारांना दिल्ली-मुंबईपेक्षा डेट्रॉइटमधलं पाण्याचं बिल, बसची वेळ आणि गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी जास्त महत्त्वाची, आणि असायलाच हवी.

त्यांची धोरणं काय? डावे की मधले?

२०१८ मध्ये ते स्वतःला डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या वळणाचे म्हणवत होते: सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, किमान वेतन तासाला १५ डॉलर, कॉलेजचा खर्च कमी. तेव्हाच वर्तमानपत्रांनी जुन्या गोष्टी उकरून काढल्या. २००८ मध्ये त्यांनी रिपब्लिकन जॉन मकेन यांना देणगी दिली होती, २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या मार्को रुबियो यांच्या सभेत ते दिसले होते.

काँग्रेसमध्ये त्यांचा एकंदर कल पक्षाबरोबर राहिला आहे: गर्भपाताचा हक्क, कामगार संघटनांना पाठिंबा, सरकारी आरोग्यसेवांत कपात नको, जकाती (आयातशुल्क) वाढवण्याला विरोध. वाहन कामगारांच्या २०२३ च्या संपात ते कामगारांच्या बाजूने उभे होते. डेट्रॉइटचा खासदार दुसरीकडे उभा राहूच शकत नाही म्हणा.

स्थलांतराच्या बाबतीत ते दिवसेंदिवस आक्रमक झाले. जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिसला स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्याच्या गोळीने एका महिलेचा मृत्यू झाला, त्यानंतर त्यांनी ते खातंच, म्हणजे "आइस", बंद करण्याचं विधेयक आणलं.

माझं मत विचाराल, तर त्यांच्या भूमिका ठाम तत्त्वापेक्षा वाऱ्याचा अंदाज घेऊन ठरतात. हा आरोप जवळजवळ प्रत्येक राजकारण्यावर होतो, पण यांच्या बाबतीत पुढचं उत्तर वाचून तुम्हीच ठरवा.

इस्रायलबद्दल त्यांनी भूमिका बदलली, हे खरं का?

बदलली, आणि उघड बदलली. २०२१ मध्ये राज्याच्या विधानसभेत असताना इस्रायलवर कडक टीका करणाऱ्या, अमेरिकेची लष्करी मदत थांबवा म्हणणाऱ्या एका ठरावावर त्यांचं नाव होतं. त्याचा परिणाम २०२२ च्या प्रायमरीत दिसला. इस्रायल-समर्थक ‘एपॅक’शी जोडलेल्या निधी गटाने त्यांच्याविरुद्ध, हॉलियरच्या बाजूने, चाळीस लाखांच्या घरात डॉलर खर्च केले. ठाणेदार तरीही जिंकले.

जिंकल्यावर ते इस्रायलचे खंदे समर्थक झाले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमास हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका पॅलेस्टाइन-समर्थक सभेवरून त्यांनी ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका’ या डाव्या संघटनेचं सदस्यत्व जाहीरपणे सोडलं. शेजारच्या मतदारसंघात रशिदा तलेब, पॅलेस्टिनी वंशाच्या, आणि इकडे ठाणेदार. एकच शहर, मधली रेषा ओलांडली की भूमिका उलटी.

हिंदू कॉकस वगैरे काय आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अमेरिकनांसाठी काँग्रेसमध्ये एक कॉकस सुरू केला. कॉकस म्हणजे समान विषयात रस असलेल्या सदस्यांचा गट. त्याला कायदा करण्याचा अधिकार नसतो. काँग्रेसमध्ये शेकडो कॉकस आहेत. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी हिंदुद्वेषाचा निषेध करणारा ठराव मांडला. मंदिरांच्या भिंतींवर घोषणा रंगवण्याचे प्रकार तेव्हा इथे झाले होते, त्यामुळे विषय हवेत नव्हता. बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांबद्दलही ते सभागृहात बोलले.

भारत-अमेरिका संबंध घट्ट व्हावेत, एच-वन-बी व्हिसा आणि ग्रीन कार्डची रांग सुधारावी, या बाजूने ते बोलतात. एक खुलासा, कारण दर वेळी गोंधळ होतो: असा ठराव मांडणं म्हणजे कायदा होणं नव्हे. तो मंजूर झाला तरी सभागृहाचं मत नोंदवलं जातं, बस्स. "अमेरिकेने हिंदूंसाठी कायदा केला" असा निरोप आला तर पुढे पाठवू नका.

ट्रम्पविरुद्ध महाभियोग आणला होता ना? मग काय झालं?

हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात विचित्र प्रसंग.

२८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा महाभियोग ठराव मांडला. न्यायात अडथळा, काँग्रेसने मंजूर केलेला पैसा परस्पर अडवणं, जकातींच्या अधिकाराचा गैरवापर, अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, सरकारी खर्चकपातीसाठी "डोज" नावाचं बेकायदा खातं उभारणं, लाचखोरी आणि हुकूमशाही वृत्ती, अशी ती कलमं. पक्षाच्या नेत्यांना हे नको होतं. सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं, ठराव पडणार हे उघड, मग आपल्याच सदस्यांना अवघड मतदानात कशाला ढकलायचं? सुरुवातीला ज्यांची नावं ठरावावर होती त्यांतल्या काहींनी ती काढून घेतली.

तरी ठाणेदार पुढे गेले. सभागृहाच्या नियमांत एक तरतूद आहे: सदस्याने असा ठराव "विशेषाधिकारा"चा म्हणून मांडला, तर नेत्यांना तो दोन कामकाजी दिवसांत घ्यावाच लागतो. टाळता येत नाही, फार तर मतदानाने बाजूला टाकता येतो. एकटा सदस्य सगळं सभागृह थांबवू शकतो, तो हा असा. त्यांनी ते हत्यार उपसलं. १४ मे ला मतदान होणार असं ठरलं. त्या दिवशी त्यांच्यावर स्वपक्षीयांचाच प्रचंड दबाव होता. सभागृहात जमलेल्या सदस्यांनी वाट पाहिली आणि ऐन वेळी त्यांनी ठराव पुकारलाच नाही. सहकाऱ्यांशी बोलून अधिक पाठिंबा मिळवतो, असं त्यांनी नंतर सांगितलं.

म्हणजे विरोधकांच्या लेखी त्यांनी नुसता गाजावाजा केला, आणि समर्थकांच्या लेखी ऐन वेळी कच खाल्ली. दोन्हीकडून बोलणी. काहीजण मात्र म्हणतात की विषय पटलावर आणला हेच मोठं. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ मध्ये महाभियोग झाला होता, आणि दोन्ही वेळा सिनेटने त्यांना सोडलं. दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे ६७ मतं लागतात. ती कुठून येणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी संरक्षणखात्याचे प्रमुख पीट हेगसेथ यांच्याविरुद्धही महाभियोगाची कलमं आणली.

मग ठोस काम काय केलं?

रागावून विचारला जाणारा प्रश्न. अल्पमतातल्या सदस्याचं विधेयक कायदा होणं हे दुर्मीळच. कामाची खरी जागा समित्या. ते अंतर्गत सुरक्षा समितीवर आहेत. आधी वाहतूक आणि सागरी सुरक्षेच्या उपसमितीत, मग देखरेख आणि चौकशीच्या उपसमितीत ते डेमोक्रॅटांचे प्रमुख सदस्य. डेट्रॉइटसाठी हे बिनकामाचं नाही. नदीपलीकडे कॅनडा आहे, पुलावरून आणि बोगद्यातून रोज ट्रकांच्या रांगा जातात, आणि सीमेवर काही खुट्ट झालं की इथल्या कारखान्यांचे सुटे भाग अडकतात.

त्यांचे फलक सगळीकडे दिसतात म्हणे. सरकारी पैशाने?

प्रत्येक सदस्याला कार्यालय चालवायला सरकारी निधी मिळतो, त्यातून मतदारांना पत्रं पाठवायची आणि जाहिराती द्यायची परवानगी असते. मजकूर दोन्ही पक्षांच्या एका मंडळाकडून तपासून घ्यावा लागतो, आणि निवडणुकीच्या आधी साठ दिवस घाऊक पत्रव्यवहार बंद. ठाणेदारांनी या सोयीचा भरपूर वापर केला. अशा प्रसिद्धीवर सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्यांत त्यांचं नाव वर असल्याच्या बातम्या आल्या. नियमांत बसतं ते. डेट्रॉइटच्या हमरस्त्यावरून जाताना कोपऱ्यावर त्यांचा हसरा चेहरा दिसतो तेव्हा मला आपल्याकडच्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आठवतात. फक्त खाली "शुभेच्छुक" म्हणून पंचवीस पोरांचे फोटो नसतात.

काँग्रेसमधले ते पहिले मराठी का?

भारतीय वंशाच्यांची यादीच पाहा ना. पंजाबी दलिपसिंग सौंद (१९५७ पासून), बॉबी जिंदाल, अमी बेरा, रो खन्ना, राजा कृष्णमूर्ती, प्रमिला जयपाल, मग ठाणेदार, आणि २०२५ मध्ये सुहास सुब्रमण्यम. सिनेटमध्ये कमला हॅरिस होत्या. मराठी घरातले हे एकटेच.

राष्ट्राध्यक्ष होऊ शकतील?

नाही. राष्ट्राध्यक्ष जन्माने अमेरिकी नागरिक असावा लागतो. विषय संपला.

बेळगावच्या सीमाप्रश्नावर त्यांची भूमिका काय?

हा प्रश्न मला तीन वेळा विचारला गेलाय, तिन्ही वेळा गंभीरपणे. अमेरिकी काँग्रेसचा आणि चिकोडीचा काही संबंध नाही हो.

२०२४ मध्ये सहज जिंकले का?

प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन. पण हॉलियर पुन्हा उभे राहणार होते, आणि त्यांची उमेदवारी सह्यांवर अडली. मिशिगनमध्ये या जागेसाठी किमान १,००० वैध सह्या लागतात. ठाणेदारांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी सह्या तपासल्या, आणि हजार काही भरेनात. नाव मतपत्रिकेवरून गेलं. नोव्हेंबरमधली लढत नावापुरतीच होती, तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. खरी लढाई नेहमी ऑगस्टमध्येच, प्रायमरीत. २०२६ च्या ऑगस्टसाठी डोनोव्हन मॅकिनी यांनी २०२५ मध्येच दंड थोपटले, राज्याच्या विधानसभेतले सदस्य, डेट्रॉइटचेच, आणि त्यांच्यामागे खुद्द बर्नी सँडर्स. २०१८ मध्ये ठाणेदार ज्यांच्या वळणाचे म्हणवत होते, तेच.

माझ्या भाच्याचा व्हिसा अडकलाय. मराठी माणूस आहेत, ठाणेदारांना लिहू का?

हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे प्रस्तावना. आणि उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच.

काँग्रेस सदस्यांच्या स्थानिक कार्यालयात अशी कामं खरंच होतात. पासपोर्ट रखडला, माजी सैनिकाचं निवृत्तिवेतन थांबलं, व्हिसाचा अर्ज कुठे पडून आहे कळत नाही, तर कर्मचारी खात्याला विचारणा करतात. पण ही सोय साधारणपणे त्या मतदारसंघात राहणाऱ्यांसाठी. भाचा कोल्हापुरात, मामी ट्रॉयला, तर ट्रॉयच्या मामीने तिच्या स्वतःच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला लिहायचं, तिथून कागदपत्रं पाहण्याच्या संमतीचा फॉर्म येतो, त्यावर ज्याची फाइल आहे त्याची, म्हणजे भाच्याची सही लागते. मग विचारणा होते. वकिलातीचा निर्णय बदलत नाही. "फाइल विचाराधीन आहे" असं एका ओळीचं उत्तर येतं, पण निदान फाइल कुठे आहे ते तरी कळतं.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या खासदाराला लिहायचं. त्याचं नाव काय?" मला चटकन आठवेना, पाहून सांगते म्हटलं.